अक्कलदाढ काढल्यानंतर बर्फ केव्हा, शेक केव्हा?

प्रश्न : माझ्या 24 वर्षांच्या मुलाची खालची उजवी अक्कलदाढ हाडात आडवी अडकली होती, म्हणून ती शस्त्रक्रिया करून काढावी लागली. डॉक्टरांनी बर्फ लावायला सांगितले होते. पण तिसऱ्या दिवशी सकाळी गाल पहिल्या दिवसापेक्षा जास्त सुजलेला पाहून मी घाबरले आणि शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून मिठाच्या पुरचुंडीने शेकले, शिवाय खड्ड्यात लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवला. आता पुढच्या महिन्यात डावीकडची दाढ काढायची आहे. या वेळी काय काळजी घ्यावी? मुलगा यंत्रमाग कारखान्यात कामाला असून त्याला तंबाखूची सवय आहे.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : तिसऱ्या दिवशी सूज वाढलेली दिसणे हे बहुधा काही बिघडल्याचे लक्षण नसते. हाड थोडे कोरून दाढ काढावी लागली असेल तर सूज दोन ते तीन दिवस चढत जाते आणि मग हळूहळू उतरते; जबडा आखडून तोंड पुरते न उघडणे हेही आठवडाभर चालू शकते. बर्फाचा उपयोग मुख्यतः पहिल्या दिवशी, फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत होतो : फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे गालावर धरावा, तेवढाच वेळ थांबावे आणि पुन्हा धरावा. काकूंचा शेकही अगदीच चुकीचा नाही, फक्त त्याची वेळ पाळायला हवी. पहिल्या दोन दिवसांत उष्णतेने रक्तस्राव आणि सूज वाढू शकते. त्यानंतर कोमट शेकाने आखडलेला जबडा सैल होतो. लवंगेचे तेल मात्र उघड्या जखमेत घालू नये, कारण त्याने आतला नाजूक भाग पोळतो.

वेदनाशामक गोळी भूल पूर्ण उतरण्याआधीच घ्यावी आणि पहिले दोन-तीन दिवस डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेवर घेत राहावी. आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र दिल्यास चांगला आराम पडतो. परंतु बाजारात या दोन्हींची मिळून एकच गोळी मिळते व तिच्या जोडीला पॅरासिटामॉल वेगळी घेतली जाते, त्यामुळे मात्रा नकळत दुप्पट होते. म्हणून पाकिटावरची नावे वाचावीत. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा असेल, अथवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर हे डॉक्टरांना आधी सांगावे.

खरी जपणूक करायची ती खड्ड्यात साकळलेल्या रक्ताच्या गुठळीची. तिच्याखाली हाड आणि मज्जातंतूंची टोके झाकलेली असतात. पहिले 24 तास चूळ भरू नये, जोरात थुंकू नये, स्ट्रॉने काही ओढून पिऊ नये. दुसऱ्या दिवसापासून जेवणानंतर कोमट मिठाच्या पाण्याने हलकी चूळ चालेल. गुठळी निसटली की साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, दुखणे कमी होत असतानाच, कानापर्यंत जाणारी तीव्र कळ उठते आणि तोंडाला दुर्गंधी येते. अशा वेळी गोळ्या वाढवण्यापेक्षा डॉक्टरांकडून खड्डा धुऊन औषधी पट्टी भरून घ्यावी. तंबाखूने हा धोका वाढतो, आणि ती खाणारा माणूस सारखा थुंकतो, म्हणजे नुकसान दुहेरी. निदान आठवडाभर तरी ती बंदच हवी.

आपल्याकडची कडक भाकरी आणि शेंगाचटणी इथे आड येते, कारण चटणीचे कण नेमके खड्ड्यात जाऊन बसतात. त्याऐवजी गार केलेली ज्वारीची आंबील, दहीभात किंवा मऊ खिचडी द्यावी. झोपताना डोक्याखाली एक उशी जास्त घ्यावी.

तीन दिवसांनंतरही सूज वाढतच असेल, ताप किंवा पू येत असेल, अथवा ओठाची बधिरता भूल उतरल्यावरही टिकली असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागल्यास रात्र असली तरी थेट रुग्णालय गाठावे.

कारखान्यातून तीन-चार दिवसांची रजा आधीच मागून ठेवावी. मागाजवळ उभे राहून, वजन उचलत केलेल्या पाळीत जखमेतून पुन्हा रक्त येऊ शकते.