एलएसबी बंद पडलं, मग लिनक्ससाठी सामायिक स्टँडर्ड बनवण्यात आता काही अर्थ आहे का?

प्रश्नात तुम्ही एलएसबीला 'कागदी घोडे' म्हटलंय. एलएसबी म्हणजे लिनक्स स्टँडर्ड बेस: एकच तयार प्रोग्रॅम लिनक्सच्या सगळ्या डिस्ट्रोंवर (उबुंटू, डेबियन, सेंटओएस अशा वेगवेगळ्या अवतारांवर) चालावा म्हणून ठरवलेलं स्टँडर्ड. ते बंद पडलं, आता प्रोग्रॅम त्याला लागणाऱ्या गोष्टींसकट बांधून देणारे डॉकर आणि फ्लॅटपॅक आहेत, मग सगळ्या डिस्ट्रोंनी मिळून एक स्टँडर्ड ठरवण्यावर कॉलेजच्या प्रोजेक्टपुरताही वेळ का घालवावा, असा तुमचा सूर आहे. हाच शब्द मी २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये आमच्या कंपनीच्या सरांच्या तोंडून ऐकला होता आणि तो अजून डोक्यातून गेलेला नाही.

पुण्यात आम्ही सहा जण साखर कारखान्यांच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर करायचो. इंडिकेटरवरून सिरियल पोर्टने वजन घ्यायचं, गाडीचा नंबर, शेतकऱ्याचं नाव, भरलेलं वजन, रिकामं वजन, मग पावती. प्रोग्रॅम सी++ मधला. गिऱ्हाइकाला सोर्स (आम्ही लिहिलेला कोड) द्यायचा नाही, तो कंपाइल करून तयार झालेली, थेट चालणारी बायनरी द्यायची, म्हणजे ती समोरच्याच्या मशिनवर चालते की नाही यावरच आमचं पोट. तोवर आम्ही सेंटओएस ५ वर कंपाइल करायचो. त्या वर्षी सरांनी नवीन मशिन घेतलं, त्यावर उबुंटू १२.०४ टाकलं आणि जुनं भंगारात काढलं. मी म्हटलं, सर, कारखान्याच्या सर्व्हरवर सेंटओएस ६ आहे, आपण एलएसबीचं बिल्ड किट वापरू या, दोन दिवस द्या मला. "कागदी घोडे आहेत ते. लिनक्स ते लिनक्स." विषय संपला. ऑफिसात सगळं छान चाललं, कारण ऑफिसात सगळीकडे उबुंटूच होतं.

सर्व्हर मला मिळाला तो गव्हाणीत मोळी पडली त्याच दिवशी दुपारी. डेटाबेस नव्या हंगामासाठी बदलला, बायनरी चढवली, चालू केली. एक ओळ आली: 'ग्लिबसी २.१४' सापडत नाही. ग्लिबसी म्हणजे लिनक्सवरचे बहुतेक प्रोग्रॅम जिच्यावर उभे असतात ती सी भाषेची मूळ लायब्ररी. प्रोग्रॅम उघडेच ना. जुनी आवृत्तीही परत लावता येईना, कारण डेटाबेस बदलून झाला होता. केनयार्डात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली, मागे बैलगाड्या. काट्यावरचा क्लार्क बिचारा इंडिकेटरचा आकडा बघून वहीत लिहायला लागला, आणि प्रत्येक गाडीवाला खाली उतरून तो आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघायला लागला. त्यांचं काय चुकलं? तोडलेला ऊस जितका थांबेल तितका वाळतो आणि घटलेलं वजन शेतकऱ्याच्या खिशातून जातं. त्यात पावतीही हाताने लिहिलेली. एक म्हातारे गृहस्थ मला शांतपणे म्हणाले, "साहेब, वर्षभराचं हाय हे." मला उत्तर देता आलं नाही.

सोर्स बाहेर न्यायचा नाही असा ऑफिसचा नियम होता. मी तो मोडून पेनड्राइव्हवर नेला होता, म्हणून वाचलो. सर्व्हरला इंटरनेट नव्हतं. सेंटओएसच्या डीव्हीडीवरून जीसीसी हा कंपाइलर टाकला, एकेक लायब्ररी शोधत तिथेच कंपाइल केलं. पहिली छापील पावती पहाटे साडेचारला निघाली.

आता भानगड काय होती ते ऐका, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. सगळा घोळ मेमकॉपी या एका फंक्शनचा, मेमरीतला डेटा एका जागेवरून दुसऱ्या जागी कॉपी करणाऱ्या. २०१० मध्ये ग्लिबसीने ६४ बिटवर ते जलद केलं आणि फेडोरा १४ वर फ्लॅश प्लेयरचा आवाज बिघडला, कारण फ्लॅश एकमेकांवर चढलेल्या मेमरीसाठी मेमकॉपी वापरत होता, जे सी स्टँडर्डला मान्यच नाही. चूक फ्लॅशची, पण वापरणाऱ्याला त्याचं काय? लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स स्वतः त्या बगवर वाद घालायला उतरले होते. शेवटी २०११ मध्ये ग्लिबसी २.१४ ने त्याच फंक्शनची दोन रूपं ठेवली, प्रत्येकावर ग्लिबसीच्या आवृत्तीचा वेगळा शिक्का. जुन्या बायनरींना २.२.५ च्या शिक्क्याचं जुनं वागणं, नव्याने कंपाइल होणाऱ्यांना २.१४ चा शिक्का. म्हणून जुनी बायनरी नव्या सिस्टिमवर चालते, उलटं चालत नाही. उबुंटू १२.०४ मध्ये ग्लिबसी २.१५, सेंटओएस ६ मध्ये २.१२. आणि सर ज्याला कागदी घोडे म्हणाले त्या एलएसबीच्या बिल्ड किटमधलं कंपाइलर-आवरण (नेहमीच्या कंपाइलरभोवती बसणारा प्रोग्रॅम) नेमकं हेच सांभाळायचं. कोणत्या फंक्शनचा कोणता शिक्का सगळ्या डिस्ट्रोंवर मिळेल याची यादी स्टँडर्डमध्ये होती आणि बायनरी त्या यादीतल्या शिक्क्यांशीच जोडली जायची. मेमकॉपीसमोर त्यात २.२.५ लिहिलेलं होतं.

तर काम तांत्रिकदृष्ट्या चांगलं होतं. १९८८ च्या पोझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिम्सच्या स्टँडर्डने सोर्स कोड इकडून तिकडे नेता येईल एवढं पाहिलं. एलएसबीला त्यापुढे जाऊन तयार बायनरी चालवायची होती. २००१ मध्ये पहिली आवृत्ती, २००६ मध्ये आयएसओची मान्यता, २०१५ मध्ये पाचवी आवृत्ती. त्याच २०१५ मध्ये डेबियनने अंग काढून घेतलं. तेव्हा प्रमाणित ॲप्लिकेशन्सच्या यादीत जेमतेम आठ नावं होती. का? माझं मत सरळ आहे: स्टँडर्ड पाळायचं डिस्ट्रोवाल्यांनी आणि फायदा आमच्यासारख्या बंद बायनरी विकणाऱ्यांचा. डेबियनकडे स्वतःचं सगळं सोर्समधून बांधलेलं होतं, त्यांना याची गरज काय? वर पॅकेजचा नमुना म्हणून रेड हॅटचं आरपीएम निवडलं, म्हणजे वेगळा नमुना वापरणाऱ्या डेबियनला ते एलियन नावाच्या टूलने बदलून घ्यायला लावलं.

याउलट एटीसी फोल्डरमधली ओएस-रिलीज ही, मशिनवर कोणती डिस्ट्रो आहे ते सांगणारी फाइल घ्या. आधी रेड हॅटची वेगळी, डेबियनची वेगळी, सुसेची वेगळी. २०१२ च्या सुमारास सिस्टिमडी या, लिनक्स सुरू करणारा प्रोग्रॅम बनवणाऱ्या प्रकल्पाकडून एक साधा नमुना आला आणि काही वर्षांत जवळपास सगळ्यांनी उचलला, कारण स्वतःची ओळख सांगायची गरज प्रत्येक डिस्ट्रोला होतीच. पायथॉनवाल्यांनी तर २०१६ मध्ये तयार बायनरी पॅकेजांसाठी मेनिलिनक्स हे स्टँडर्ड आणलं: सेंटओएस ५ वर बांधा, ग्लिबसी २.५ च्या पुढचं काही वापरू नका, आणि ते तपासणारं टूलही देतो. आज पिपने (पायथॉनच्या इन्स्टॉलरने) नमपायसारखी लायब्ररी टाकताना तुम्ही याच कल्पनेचे वारस वापरता. सेंटओएस ५! जे मशिन आमच्याकडे भंगारात गेलं तेच.

त्यामुळे प्रोजेक्टसाठी शंभर पानी स्पेसिफिकेशन लिहू नका. दिलेली बायनरी कोणकोणत्या डिस्ट्रोवर चालेल ते सांगणारं टूल करा. ऑब्जडम्प या टूलने बायनरीतले शिक्के वाचा आणि सगळ्यात मोठा आकडा डिस्ट्रोंच्या यादीशी ताडून बघा. डॉकरने प्रश्न मिटला असं समजू नका, त्याने पूर्ण युजरलँड (कर्नल सोडून बाकीची सिस्टिम) सोबत बांधून दिलं एवढंच. आणि कंटेनर व त्यांच्या इमेज (बांधलेले गठ्ठे) यांचा नमुना सगळीकडे सारखा राहावा म्हणून २०१५ मध्ये ओसीआय नावाचा स्टँडर्ड ठरवणारा उपक्रमच सुरू करावा लागला.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. एलएसबीने बांधलेली बायनरी स्वतःचा वेगळा लोडर (बायनरी मेमरीत चढवून चालू करणारा प्रोग्रॅम) मागायची, म्हणजे कारखान्याच्या सर्व्हरवर आधी एलएसबीचं पॅकेज टाकावं लागलं असतं. सर तेव्हा हा मुद्दा काढते तर मी विचार केला असता. एलएसबीच्या चाचण्याही निर्दोष नव्हत्या. ग्लिबसीचे त्या वेळचे प्रमुख उलरिच ड्रेपर यांनी २००५ मध्येच त्यावर जाहीर टीका केली होती. आणि अल्पाइन या डिस्ट्रोवर ग्लिबसी नाही, मसल ही वेगळी सी लायब्ररी आहे, तिथे वरचं शिक्क्यांचं गणित लागू नाही.

पण ज्याच्याकडे बायनरी जाणार त्याच्या सर्व्हरवर काय आहे हे बिल्ड मशिन बदलण्याआधी विचारा. मी विचारलं होतं. सप्टेंबरमध्येच कारखान्याला फोन करून वहीत लिहून ठेवलं होतं, सेंटओएस ६.२, ६४ बिट, आणि ती वही सरांच्या टेबलावर उघडून ठेवली होती.