पोकेमॉन गोमध्ये मी सुचवलेल्या जागा नाकारल्या का जातात?

तुम्ही लिहिलंय की बागेतला एक लाकडी बाक आणि त्याच बागेतलं जुनं, प्रचंड झाड अशा दोन जागा पोकेस्टॉप (फोनवरच्या या गेममध्ये खेळाडूंनी चालत जाऊन भेट द्यायची खरी ठिकाणं) म्हणून सुचवल्या, दोन्ही नाकारल्या गेल्या, आणि ईमेलमधल्या कारणावरून काहीच कळलं नाही. अशा सुचवलेल्या जागा, म्हणजे नॉमिनेशन्स, तपासण्याच्या वेफेअरर या वेबसाइटवर मी बरीच वर्षं इतरांची नॉमिनेशन्स तपासतोय, त्यामुळे तुमची जागा तपासणाऱ्याला कशी दिसली असेल याचा अंदाज देऊ शकतो.

आधी हे लक्षात घ्या की बहुतेक निर्णय कंपनीतला माणूस घेत नाही. वेफेअरर 2019 मध्ये आलं, त्याआधी इंग्रेस या जुन्या गेमच्या पोर्टलसाठी (तिथली पोकेस्टॉपसारखी ठिकाणं) अशीच व्यवस्था होती. दोन्हींत खेळाडूच खेळाडूंची नॉमिनेशन्स तपासतात. अलीकडे काही नॉमिनेशन्सचा निकाल मशीन लर्निंगचं मॉडेलच लावतं. तुमची जागा माझ्यासमोर येते तेव्हा मला दोन फोटो, शीर्षक, वर्णन, तुम्ही जोडलेलं स्पष्टीकरण आणि नकाशावरची पिन एवढंच दिसतं. त्या गावात मी कधी पाऊल ठेवलेलं नसतं. बाक किती छान आहे, तिथे संध्याकाळी किती माणसं जमतात, हे तुम्ही दाखवलं नाहीत तर मला कळायचं कसं?

जागा पात्र ठरायला तीनपैकी एक कारण पुरतं: ती शोधून पाहण्यासारखी असावी, तिथे व्यायाम व्हावा, किंवा लोक एकत्र जमावेत. कारखान्यातून हजारांनी निघणारा साधा बाक यात कुठेच बसत नाही. झाडाचं दुखणं वेगळं आहे. नुसतं झाड, खडक, तळं अशा नैसर्गिक गोष्टी चालत नाहीत, माणसाने उभारलेलं काहीतरी लागतं. झाडापाशी माहितीफलक असेल तर फलक सुचवा, पिन फलकावर टाका आणि झाडाची गोष्ट वर्णनात सांगा. फलक नसेल तर झाड सोडून द्या. पण तुमच्याकडे अख्खी बाग आहे! प्रवेशद्वारावरची नावाची पाटी, मुलांची खेळणी, व्यायामाची उपकरणं, पायवाटेवरचा दिशाफलक यांतलं काहीही बाकापेक्षा कितीतरी भक्कम आहे. (साध्या घसरगुंडीलाही ‘यात विशेष काय’ म्हणून उडवणारे तपासनीस आहेत. माझ्या मते ते चुकतात, कारण मुलं आणि पालक जिथे रोज जमतात ती जागा निकषात सरळ बसते.)

काही जागा मात्र कितीही सुंदर असल्या तरी बाद. एका कुटुंबाचं खाजगी घर आणि त्याचं आवार, बारावीपर्यंतची शाळा, पाळणाघर, अग्निशमन केंद्रासारखं ठिकाण जिथे गर्दीने आपत्कालीन सेवेला अडथळा होईल, आणि जिथे पायी सुरक्षित पोहोचताच येत नाही अशी जागा. घरांबद्दलचा नियम इतका कडक का, हे समजून घ्यायला 2016 चा जुलै, म्हणजे गेम नुकताच आला तेव्हाचा काळ, आठवावा लागतो. गेममधल्या जागा इंग्रेसच्या जुन्या पोर्टलवरून घेतलेल्या होत्या आणि प्रत्यक्षात काय बदललंय हे गेमला माहीत नव्हतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये एक जुनं चर्च कधीच राहतं घर झालं होतं. गेमच्या लेखी ते जिम (पोकेमॉनच्या लढतींचं ठिकाण) होतं, त्यामुळे घराबाहेर अनोळखी माणसं फोन घेऊन घुटमळू लागली. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाला ‘कृपया इथे खेळू नका’ असं सांगावं लागलं. मग घरमालकांनी दावे लावले आणि 2019 मध्ये तडजोड झाली. तिच्यानुसार स्वतंत्र घरापासून 40 मीटरच्या आतली जागा काढून टाकण्याची मागणी घरमालक करू शकतो. एवढं झाल्यावर कुंपणाच्या भिंतीवरचं उत्तम चित्रसुद्धा ‘रस्त्यावरून दिसतं की’ असं सांगूनही मंजूर होत नाही. इमारतींच्या संकुलातली सगळ्यांची सामायिक बाग मात्र चालते. हा फरक खुद्द तपासणाऱ्यांनाही पुष्कळदा माहीत नसतो, म्हणून तो स्पष्टीकरणात लिहून टाका.

आता पात्र असूनही पडणाऱ्या जागांकडे येतो, कारण माझ्यासमोर सर्वांत जास्त त्याच येतात. दुसरा फोटो आजूबाजूचा परिसर दाखवण्यासाठी असतो. लोक तिथे पहिल्याच वस्तूचा आणखी जवळून फोटो देतात. मग झाडीने झाकलेल्या उपग्रह-चित्रात मी तुमची पाटी शोधत बसतो, सापडत नाही, आणि ‘ठिकाण जुळत नाही’ म्हणून पुढे जातो. त्याऐवजी दहा पावलं मागे या आणि वरून ओळखू येईल असं काहीतरी चौकटीत घ्या: रस्त्याचं वळण, एखादं छप्पर, चौक. स्ट्रीट व्ह्यू नसेल तर त्या जागेचा 360 अंशांचा फोटो आधी गूगल मॅप्सवर टाका, त्याने फार फरक पडतो. मुख्य फोटोत माणसं, गाडीची नंबरप्लेट, स्वतःचं बोट नको. इंटरनेटवरून उचललेला फोटो तर लगेच ओळखू येतो.

आणि ते वाक्य! ‘आमच्या भागात एकही पोकेस्टॉप नाही, प्लीज मंजूर करा.’ भावना समजते, पण हा निकष नाही. शिवाय हे वाचल्यावर तपासणाऱ्याला वाटतं की जागेबद्दल सांगण्यासारखं दुसरं काही नसावं. तीच ओळ ‘इथून पायवाट सुरू होते, सकाळी फिरायला येणारे इथे भेटतात’ यावर खर्च करा. स्वतःचं खेळाडू-नाव वर्णनात घालू नका, तो गैरवापर धरला जातो.

ईमेलमधल्या कारणावर फार विचार करू नका. ते तपासणाऱ्यांनी निवडलेल्या ठराविक पर्यायांतून येतं आणि खऱ्या अडचणीशी त्याचा संबंध कधीकधी ओढूनताणूनच असतो. जागा निःसंशय पात्र असेल तर अपील करा, ते खेळाडूंऐवजी कंपनीच्या चमूकडे जातं. मात्र अपिलं मोजकीच मिळतात, ती बाकावर उधळू नका.

शेवटचा मुद्दा अनेकांना उशिरा कळतो. मंजूर झालेली जागा गेममध्ये दिसेलच असं नाही. पोकेमॉन गो पृथ्वीचा नकाशा एस2 नावाच्या चौकोनांत विभागतं (पातळीचा आकडा जितका मोठा, तितका चौकोन लहान) आणि 17 व्या पातळीच्या एका चौकोनात एकच पोकेस्टॉप किंवा जिम ठेवतं. इंग्रेसला दोन पोर्टलमध्ये साधारण 20 मीटर अंतर पुरतं, त्यामुळे तीच जागा तिथे दिसते आणि तुमच्या गेममध्ये दिसत नाही. जिमचं गणित 14 व्या पातळीवर चालतं: त्या मोठ्या चौकोनात 2 जागा झाल्या की पहिलं जिम, 6 झाल्या की दुसरं, 20 ला तिसरं. म्हणून बागेत जाण्याआधी चौकोन दाखवणारा एखादा नकाशा उघडून बघा. प्रवेशद्वाराची पाटी जर आधीच्या एखाद्या पोकेस्टॉपच्या चौकोनात पडत असेल, तर सुरुवात बागेच्या दुसऱ्या टोकाच्या खेळण्यांपासून करा.