18व्या शतकातल्या पोर्तुगीज सैन्याचे गणवेश आणि रचना: अभ्यास कुठून सुरू करावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वसईच्या वेढ्याचं चित्र काढायचंय, पण एका ठिकाणी पोर्तुगीज शिपाई निळ्या कोटात दिसतो, दुसरीकडे पांढरट कोटात. कुठे पथकाला ‘तेर्सु’ म्हटलंय, तर कुठे ‘13 क्रमांकाची रेजिमेंट’. खरं कुठलं?

दोन्ही खरी असू शकतात, फक्त साल वेगळं. म्हणून पुस्तक उघडण्याआधी कागदावर दोन गोष्टी लिहा: साल आणि ठिकाण. ‘18व्या शतकातला पोर्तुगीज सैनिक’ असा एक माणूस नाहीच.

सालांची विभागणी अशी करा. 1707 पर्यंत पायदळाचं पथक म्हणजे तेर्सु, आणि त्याचा प्रमुख ‘मेस्त्र द कांपु’. त्या वर्षी तेर्सुंच्या रेजिमेंटा झाल्या आणि प्रमुख कर्नल झाला. पुढचा मोठा बदल 1762 चा. स्पेनने स्वारी केली तेव्हा जर्मन सरदार शाउम्बुर्ग-लिप्पे, म्हणजे पोर्तुगीजांचा ‘कोंद द लिप्प’, याच्याकडे सैन्य सोपवलं गेलं. त्याने 1763 मध्ये कवायतीचे आणि शिस्तीचे नियम छापून दिले, 1764 मध्ये गणवेशाचा आराखडा आला. पायदळाचा निळा कोट, आणि रेजिमेंट ओळखायची ती बाह्यांच्या, गळ्याच्या रंगावरून नि बटणांच्या धातूवरून, ही पद्धत तिथे पक्की होते. त्याआधीच्या सगळ्या पायदळाला लागू असा एकच रंग गृहीत धरू नका.

1 ते 24 हे रेजिमेंट क्रमांक 1806 चे आहेत. त्याआधी नाव गावाचं किंवा कर्नलचं असे. 13 क्रमांक म्हणजे पेनिश, 2 म्हणजे लागुस, 20 म्हणजे कांपु मायोर. पहिल्या क्रमांकाला मात्र लिप्पेचंच नाव राहिलं. नेटवरची गंमत अशी की नेपोलियनच्या काळातली चित्रं भरपूर, त्यामुळे 1806 ची ‘बार्रेतिना’, म्हणजे पुढून उंच असलेली टोपी, लोक बिनदिक्कत पन्नास वर्षं मागे नेऊन शिपायाच्या डोक्यावर बसवतात. शतकातली नेहमीची वस्तू म्हणजे कडा दुमडलेली तिकोनी हॅट.

आता रचना. सैन्य तीन थरांचं होतं. पहिला थर ‘त्रोपा पागा’, म्हणजे पगारी फौज. आपला ‘पगार’ शब्द याच पोर्तुगीज कुळातला, त्यामुळे हे नाव लक्षात राहायला हरकत नाही. दुसरा ‘आउशिलियारेस’, म्हणजे गरज पडली की बोलवायची राखीव फौज. 1796 मध्ये त्यांच्या मिलिशिया रेजिमेंटा झाल्या. तिसरा ‘ओर्देनांसास’, म्हणजे उरलेल्या धडधाकट पुरुषांची गावोगावची नोंदणी. तिथूनच वरच्या थरांसाठी भरती व्हायची. गणवेशाचे नियम मुख्यतः पहिल्या थराला. ओर्देनांसाच्या शेतकऱ्याला चित्रात निळा कोट घातलात तर ती चूकच.

हुद्द्यांच्या नावांत फसगत ठरलेली. ‘सार्जेंतु-मोर’ हा सार्जंट नव्हे, तो मेजर. ‘कपितांव-मोर’ हा ओर्देनांसांचा स्थानिक प्रमुख, रेजिमेंटमधला कॅप्टन नव्हे. ‘आल्फेरेस’ निशाण धरणारा कनिष्ठ अधिकारी, ‘काबु द एस्क्वाद्रा’ म्हणजे कॉर्पोरल. लागुसच्या रेजिमेंटच्या कागदांत कॅप्टन म्हणून संत अंतोनी दिसले तर नक्कल करणाऱ्याची चूक समजू नका. संताला खरोखरच हुद्दा आणि वेतन दिलेलं होतं.

कपड्यांच्या शब्दांत सर्वांत घातक ‘कान्यांव’. त्याचा अर्थ तोफ, आणि बाहीची दुमडलेली पट्टी हाही. मशीन भाषांतर ‘लाल तोफा’ म्हणतं तिथे बहुतेक वेळा लाल बाह्या असतात. ‘कासाका’ कोट, ‘व्हेस्तिया’ आतलं जाकीट, ‘काल्सांव’ गुडघ्यापर्यंतची विजार, ‘फोर्रु’ अस्तर. ‘एन्कार्नादु’ म्हणजे लाल. मूळ ‘मांस’ शब्दात आहे म्हणून कातडीचा रंग धरू नका.

खरी माहिती कपड्याच्या हिशोबात असते. नियम सांगतो काय घालायचं, हिशोब सांगतो काय शिवलं गेलं. मापं पाठ करा: लोकरी कापड ‘कोव्हादु’त, साधारण 66 सेंटीमीटर, लिननचं ‘व्हारा’त, साधारण 110 सेंटीमीटर. रकमेत मधोमध डॉलरसारखं चिन्ह येतं, ते हजाराची खूण. त्याच्या डावीकडे 4 आणि उजवीकडे 800 असेल तर रक्कम 4800 रेइश (रेइश म्हणजे तेव्हाचं पोर्तुगीज चलन). क्रुझादु म्हणजे 400 रेइश.

समजा यादीत निळं कापड 700 कोव्हादु आहे. म्हणजे सुमारे 462 मीटर. त्याच यादीत अस्तर, बाह्यांचं रंगीत कापड आणि बटणं असतात. किती कोट शिवायचे होते तो आकडा असेल तर प्रत्येकाला त्याने भागा. कापड, अस्तर, बटणं तिन्ही एका कोटाला पुरतील इतकी निघाली तर यादी पूर्ण. रंगीत कापड फारच कमी निघालं तर दोनच शक्यता: पान हरवलंय, किंवा काही कोट रंगीत बाह्यांविना गेले. दोन्ही तपासा. बटणं डझनात की ग्रोसात, म्हणजे 144 च्या गठ्ठ्यात, हे पाहिलं नाही तर हिशोब बारापट चुकतो.

माणसांच्या आकड्यांचंही तसंच. ‘मापा’ नावाच्या तक्त्यात मंजूर संख्या आणि हजर संख्या असे वेगळे रकाने असतात. मंजूर संख्या उचलून ‘इतके सैनिक लढले’ असं लिहिणं ही या विषयातली सगळ्यात जुनी चूक.

कागद कुठे? लिस्बनमध्ये तीन जागा. सांता आपोलोनियाजवळचा लष्करी अभिलेखागार, जिथे रेजिमेंटांचे ‘लिव्रु मेस्त्र’, म्हणजे नोंदवह्या मिळतात. तोर्रे दु तोंबु, जिथे 1640 मध्ये स्थापलेल्या युद्ध मंडळाचे कागद आहेत. आणि समुद्रापारच्या प्रदेशांचा अभिलेखागार. तिसरा विसरू नका: मौरा, एश्त्रेमोझ आणि ब्रागांसा या तीन रेजिमेंटा 1767 मध्ये रिओ द जानेरोला गेल्या, तेव्हा त्यांचा माग ब्राझीलच्या कागदांत लागतो. 1 नोव्हेंबर 1755 च्या भूकंपाने ‘सगळं जळालं’ हे अर्धसत्य आहे. नदीकाठचा राजवाडा गेला, पण तोर्रे दु तोंबुचा बुरूज कोसळूनही मानुएल द माया या इंजिनिअरने कागद वाचवले.

यादीत शोधताना जुनं शुद्धलेखन वापरून पाहा. 1911 च्या सुधारणेआधी ‘पानु’ (कापड) मधला न आणि ‘आमारेलु’ (पिवळा) मधला ल दुहेरी लिहीत. आजच्या स्पेलिंगने निम्म्या नोंदी निसटतात.

चित्रांबद्दल एकच इशारा. पोर्तुगीज वाड्यांच्या जिन्यांवर ‘अझुलेजु’ फरशांत माणसाएवढे पहारेकरी रंगवलेले दिसतात. कोटाची बेतणी, बटणांच्या रांगा, पायातलं यासाठी त्या उत्तम. रंगासाठी शून्य, कारण बऱ्याचशा फरश्या मुळातच निळ्या-पांढऱ्या. ‘फरशीवर कोट निळा आहे’ हा पुरावा नव्हे. संग्रहालयातल्या कोटांचंही असंच: टिकले ते बहुतेक अधिकाऱ्यांचे. शिपायाचा कोट चिंध्या होईपर्यंत वापरला जाई.

आता तुमचं चित्र. चिमाजी आप्पांनी वसई घेतली मे 1739 मध्ये, म्हणजे लिप्पे पोर्तुगालला यायच्या 23 वर्षं आधी. त्यामुळे 1764 चा आराखडा बाजूला ठेवा. शिवाय वसईची शिबंदी लिस्बनच्या नव्हे, गोव्याच्या कारभाराखाली. पोर्तुगालच्या एखाद्या रेजिमेंटचा गणवेश उचलून तिला चढवता येत नाही. त्यासाठी पणजीच्या अभिलेखागारातले ‘मोन्सोंइश’चे ग्रंथ पाहा, म्हणजे पावसाळी वाऱ्यांच्या हिशोबाने जहाजांतून येणारा-जाणारा दरबारी पत्रव्यवहार. 1737 ते 1740 एवढीच वर्षं मागा. आधी ‘फार्दा’ (गणवेश), ‘पानु’ आणि ‘सोल्दु’ (वेतन) हे तीन शब्द डोळ्यांनी शोधत पानं उलटा, बाकीचं वाचन नंतर. पुण्याच्या पेशवे दप्तरात त्याच मोहिमेची मराठी पत्रं आहेत. व्हाइसरॉयचा उल्लेख तिथे ‘विजरई’ असा येतो, म्हणून मोडीत तो शब्द आधी ओळखायला शिका. कपड्यांचा तपशील त्यांत क्वचितच मिळेल. कुठल्या बुरुजावर किती माणूस, किती तोफा, यासाठी ती वाचा.