लेक म्हणते त्याला अडकवलंय, आणि केलं ते बरंच केलं

प्रश्न: ताई नमस्कार. माझी मुलगी कॉलेजात आहे, तिने मोबाईलच्या वॉलपेपरला अमेरिकेतल्या त्या लुईजी मॅन्जिओनीचा फोटो लावलाय, विमा कंपनीच्या साहेबाला गोळ्या घातल्याचा आरोप आहे ना तो. ती म्हणते त्याला अडकवलंय, आणि त्याच दमात म्हणते की केलं ते बरंच केलं. मिस्टर म्हणतात पोलिसांनी धरलाय म्हणजे केलंच असणार, उगाच कोण कुणाला धरतं. रोज जेवताना हाच वाद. खरं सांगू का, त्या पोराचा चेहरा बघून मलाही वाईट वाटतं, आणि मग वाटतं की असं वाटणं चूक तर नाही ना? नक्की कुणाचं बरोबर?
– एक आई

उत्तर: ताई, वाईट वाटणं चूक नाही, ते काही ठरवून वाटत नाही. पण तुमच्या लेकीची दोन वाक्यं एकमेकांना चिकटतच नाहीत, ते तिला शांतपणे दाखवून द्या. अडकवलं असेल तर मारणारा दुसराच कोणीतरी आहे, मग हा पोरगा हिरो कशाचा, तो तर बिचारा. आणि केलं ते बरं केलं म्हणायचं तर केलंय हे आधीच धरून चाललोय, म्हणजे कोर्टाच्या आधी आपणच त्याला दोषी ठरवून मोकळे. मॅन्जिओनीने कोर्टात गुन्हा नाकबूल केलाय. त्याच्यावर खरंच माया असेल तर "बरंच केलं" हे वाक्य त्याच्या सगळ्यात जास्त विरोधातलं आहे.

मुलीचा राग मात्र खोटा नाही. 4 डिसेंबर 2024 ला न्यूयॉर्कमध्ये हॉटेलच्या बाहेर युनायटेड हेल्थकेअरचे प्रमुख ब्रायन थॉम्पसन यांना गोळ्या घातल्या, काडतुसांवर डिले, डिनाय, डिपोज (लांबवा, नाकारा, हटवा) असे, विमा कंपन्यांच्या क्लेम टाळण्यावरच बोट ठेवणारे शब्द लिहिलेले सापडले, आणि पाच दिवसांनी पेनसिल्व्हेनियात मॅकडोनाल्ड्समध्ये हा सापडला. आणि लोकांनी पहिल्यांदा काय केलं तर स्वतःचे नाकारलेले क्लेम सांगायला सुरुवात केली, आईचं ऑपरेशन, मुलाचं औषध, डॉक्टर हो म्हणतायत आणि कंपनी नाही. हे सगळं खरं दुखणं आहे, त्यावर बोललंच पाहिजे. पण त्या दुखण्याला एक देखणा, शिकलेला चेहरा मिळाला आणि लोक दुखणं विसरून चेहऱ्यामागे लागले, मला खटकतं ते इथे.

आपल्याकडे हे नवीन अजिबात नाही. घरात ऐंशीच्या पुढचं कोणी असेल तर त्यांच्यापुढे नानावटी हे नाव काढून बघा. 27 एप्रिल 1959, मुंबई. नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांना बायकोने, सिल्व्हियाने, प्रेम आहुजाशी संबंध असल्याचं सांगितलं. पुढचं सगळं सुप्रीम कोर्टाच्या निकालात वेळेसकट आहे. दीडच्या सुमाराला घरातून निघाले, बायको-मुलांना सिनेमाला सोडलं, सहाला न्यायला येतो म्हणाले, मग जहाजावर गेले आणि रात्री एकट्याला गाडीने अहमदनगरला जायचंय असं खोटं सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या. आधी आहुजाच्या ऑफिसात, तिथे तो नाही म्हटल्यावर त्याच्या घरी, आणि 4:20 ला खून. नंतर स्वतःच हजर झाले.

कोर्टात पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये उभा राहिलेला रुबाबदार ऑफिसर बघून अख्खी मुंबई त्यांच्या बाजूला गेली. करंजियांच्या ब्लिट्झ या साप्ताहिकाने तर उघड बाजू घेतली, एरवी 25 पैशांचा अंक 2 रुपयांना जायला लागला. ज्युरीने, म्हणजे तेव्हा खटल्यात निर्णय द्यायला बसवायचे त्या सामान्य नागरिकांनी, 8 विरुद्ध 1 मतांनी निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टात पाठवलं, 1960 मध्ये जन्मठेप झाली आणि 1961 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली, कारण घर सोडल्यापासून खुनापर्यंत जवळजवळ तीन तास गेले होते, एवढ्या वेळात माणूस भानावर येतो. 1964 मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली आणि पुढे ते कुटुंब कॅनडाला गेलं.

यात आहुजा कुठे आहे? अंघोळ करून टॉवेल गुंडाळलेला माणूस, झटापटीत गोळ्या सुटल्या असत्या तर तो टॉवेल कमरेला राहिला असता का, यावर कोर्टात वाद झाला. आणि बाहेर रस्त्यावर आहुजा टॉवेल आणि नानावटी रिव्हॉल्व्हर म्हणून खेळणी विकली गेली. त्याची बहीण कोर्टात साक्ष देत होती आणि बाहेर भावाच्या नावाने टॉवेल विकत होते, हे वाचलं की मला आजही कसंतरी होतं हो. माणूस वाईट वागला असेल, नसेल, पण मेल्यावर त्याचा माणूसपणाच काढून घेतला लोकांनी. थॉम्पसन यांनाही दोन मुलं आहेत. लेकीला एवढंच विचारा की वॉलपेपर लावताना त्या मुलांचा विचार तिच्या मनात आला होता का, ओरडू नका, नुसतं विचारा.

आता मिस्टरांचं. त्यांना मे 2008 चं नोएडा आठवून द्या. एका शाळकरी मुलीचा तिच्या बेडरूममध्ये खून झाला, घरातला नोकर गायब, म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्यांनी ठरवून टाकलं की त्यानेच केलं. दुसऱ्या दिवशी त्याचाच मृतदेह त्याच इमारतीच्या गच्चीवर सापडला. मग संशय आईवडिलांवर आला, 2013 मध्ये त्यांना जन्मठेप झाली, 2017 मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने सोडून दिलं. धरला म्हणजे केलंच असं असतं तर हे कसं झालं असतं? आणि तो नोकर एक दिवस देशभर खुनी ठरला होता तेव्हा किती जणांना त्याचं वाईट वाटलं? आपली माया पण माणूस बघून जाते ताई. गोरागोमटा, इंग्रजी बोलणारा असला की "असं करेल असं वाटत नाही", आणि गरीब असला की "यांचा काय भरवसा".

तेव्हा दोघंही अर्धे बरोबर आहेत असं मी म्हणणार नाही, दोघंही घाई करतायत. तुम्हाला वाईट वाटतंय आणि तरी शंका येतेय, तुम्ही जागेवर आहात.

प्रश्न: टीव्हीवर "आरोपीची कबुली" असं दाखवतात, मग वर्षानुवर्षं खटला कशाला? आणि आरोपीच्या तोंडावर काळा कपडा का घालतात, त्याला लाज वाटू नये म्हणून का?
– एक वाचक

उत्तर: पोलिसांपुढे दिलेली कबुली आपल्याकडे कोर्टात आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, 1872 च्या पुरावा कायद्यात हेच होतं आणि 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यातही तेच आहे. मारहाण करून वदवून घेऊ नये म्हणून. हां, त्याने सांगितल्यावरून हत्यार सापडलं तर सांगण्यातला तेवढा भाग चालतो. मॅजिस्ट्रेटपुढे दिलेली कबुली वेगळी, तिथे आधी त्याला समजावून सांगावं लागतं की बोलायची सक्ती नाही आणि बोललास तर ते तुझ्याविरुद्ध जाऊ शकतं.

कपडा लाजेसाठी नाही. साक्षीदाराला ओळख परेडमध्ये साधारण तसेच दिसणारे बरेच जण उभे करून त्यातला कोण ते ओळखायला सांगतात. त्याने तो चेहरा आधीच चॅनलवर बघितलेला असेल तर बचावाचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो आणि त्या ओळखण्याला काही किंमत उरत नाही.