विल्किन्सन कॅटॅलिस्टचे स्फटिक डाळिंबीऐवजी नारिंगी आले, तर प्रयोग फसला का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला नारिंगी स्फटिक आले म्हणजे चुकलं का? आणि जेफ्री विल्किन्सन यांना नोबेल फेरोसीनसारख्या (दोन कार्बन-कड्यांच्या मध्ये धातू असलेल्या) संयुगांसाठी मिळालं, मग दुहेरी बंधांवर हायड्रोजन चढवणाऱ्या या ऱ्होडियमच्या कॅटॅलिस्टला त्यांचं नाव कसं?

आधी नारिंगीचं. चुकलेलं नाही. नारिंगी आणि डाळिंबी हे एकाच संयुगाचे दोन स्फटिकप्रकार आहेत, विरघळले की फरक उरत नाही. नारिंगी येतात ते बहुतेक वेळा इथेनॉल कमी पडल्यामुळे. नेहमीचं प्रमाण असं: 2 ग्रॅम ऱ्होडियम ट्रायक्लोराइड ट्रायहायड्रेट 70 मिली इथेनॉलमध्ये, आणि 12 ग्रॅम ट्रायफिनाइलफॉस्फीन (पुढे नुसतं फॉस्फीन) 350 मिली गरम इथेनॉलमध्ये. दोन्ही एकत्र करून नायट्रोजनखाली सुमारे अर्धा तास रिफ्लक्स, म्हणजे वाफ थंड करून परत आत पाडत उकळणं. एकूण इथेनॉल 200 मिलीच्या खाली गेलं की नारिंगीच जास्त पडतात. रिफ्लक्स लांबवला की तेच हळूहळू डाळिंबी होतात. गरम असतानाच गाळा आणि ईथरने धुवा, नाहीतर थंड होताना जादा फॉस्फीनही स्फटिकांसोबत खाली बसतं. हाती सव्वासहा ग्रॅमच्या आसपास यायला हवं. कॉलेजात एवढं ऱ्होडियम कोण देणार म्हणा. सगळं दहाव्या हिश्शाने घ्या, पण इथेनॉलही त्याच हिशेबात.

फॉस्फीन मोलच्या हिशेबात सहापट पडतं. तीन रेणू लिगँड म्हणून, म्हणजे चिकटून राहायला, धातूला लागतात. एक स्वतः ऑक्साइड होऊन ऱ्होडियमला +3 वरून +1 वर आणतो. म्हणून वेगळा रिड्यूसिंग एजंट लागत नाही. बाटली जुनी असेल तर आतला काही माल आधीच ऑक्साइड झालेला असू शकतो. फॉस्फीन आधी गरम इथेनॉलमधून रिक्रिस्टलाइज करून घ्या. ही पायरी टाळणारेच नंतर यील्डबद्दल कुरकुरतात.

आता विल्किन्सन. जन्म 1921, यॉर्कशायरमधल्या टॉडमॉर्डनजवळ. युद्धकाळात कॅनडातला अणुप्रकल्प, मग बर्कलीत सीबोर्ग यांच्याकडे न्यूक्लियर केमिस्ट्री, पुढे एमआयटी आणि 1951 पासून हार्वर्ड. तिथे 1952 मध्ये वुडवर्ड यांच्यासोबत फेरोसीनची सँडविच रचना मांडली. त्याच धाग्यावर 1973 चं नोबेल, म्युनिकच्या ई. ओ. फिशर यांच्याबरोबर विभागून. ऱ्होडियमचं काम मात्र लंडनच्या इंपीरियल कॉलेजातलं, 1965-66 च्या सुमाराचं. आयसीआय कंपनीतल्या कॉफी यांनाही त्याच सुमारास स्वतंत्रपणे हेच सापडलं होतं. मला विचाराल तर रसायनाच्या रोजच्या कामात फेरोसीनपेक्षा हे ऱ्होडियमच जास्त उपयोगी पडलं.

त्याची सगळी गंमत एका फॉस्फीनच्या सुटण्यात आहे. तीनपैकी एक सुटतं, मोकळ्या जागी हायड्रोजन दोन तुकड्यांनी बसतो, शेजारी अल्कीन (दुहेरी बंधाचं संयुग) येऊन चिकटतं, आधी एक आणि मग दुसरा हायड्रोजन त्याला मिळतो, आणि धातू पुन्हा मोकळा. खोलीच्या तापमानाला, एक वातावरण दाबाला. फॉस्फीन सुटावंच लागतं, म्हणून हायड्रोजनेशन (हायड्रोजन चढवणं) करताना वरून फॉस्फीन घातलं तर वेग मंदावतो. उलट, याच गटाने अभ्यासलेल्या हायड्रोफॉर्मिलेशनमध्ये (अल्कीनला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन जोडून अल्डिहाइड बनवण्यात) ऱ्होडियम हायड्रिडो-कार्बोनिलसोबत जादा फॉस्फीन मुद्दाम ठेवतात, म्हणजे सरळ साखळीचं अल्डिहाइड जास्त मिळतं.

धातूभोवतीची जागा अरुंद असल्यामुळे निवडही चोख होते. बाळंतशेपेच्या तेलातलं कार्व्होन घ्या: बाहेरचा, कमी गर्दीचा दुहेरी बंध हायड्रोजन घेतो, कड्यातला दुहेरी बंध आणि कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध) तसेच राहतात. कॅटॅलिस्ट 1 ते 2 मोल टक्के पुरतो.

बिघडतं कुठे? पहिलं कारण हवा. कोरडे स्फटिक हाताळता येतात, द्रावण नाही; टोल्युइनमधून आधी 15-20 मिनिटं नायट्रोजन सोडा. दुसरं, जुन्या अल्कीनमधली पेरॉक्साइड्स. अल्युमिनाच्या छोट्या कॉलममधून गाळून घेतली की प्रश्न मिटतो. तिसरं अल्डिहाइड: कॅटॅलिस्ट त्यातला कार्बन मोनॉक्साइड खेचून घेतो आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं पिवळं संयुग होऊन बसतो. द्रावण फिकट पिवळं दिसलं तर आयआर (इन्फ्रारेड वर्णपट) काढा. 1960 सेंमी⁻¹ च्या आसपास ठसठशीत पट्टा असेल तर तो कॅटॅलिस्ट मेलेला समजा. हायड्रोजन नसताना टोल्युइनमध्ये तापवत बसलात, तर फॉस्फीन गमावलेला, न विरघळणारा सॅमन-गुलाबी डायमर (दोन रेणू जोडून बनलेला) पडतो.

स्फटिकांची खात्री फॉस्फरस एनएमआरवर (फॉस्फरसचे अणू कशाला जोडलेत ते दाखवणाऱ्या वर्णपटावर) करा. साधारण 48 आणि 31.5 पीपीएमला 1:2 प्रमाणात दोन गट दिसतील, दोन्ही ऱ्होडियममुळे फुटलेले. 29 जवळची एकटी रेघ ऑक्साइडची, -5 ची मोकळ्या फॉस्फीनची. नमुना बनवतानाही सॉल्व्हंटमधली हवा काढा, नाहीतर ती 29 ची रेघ तुम्हीच तयार केलेली असेल.