बारा बोअरच्या बंदुकीची नळी मधेच का फाटते?

नळी चेंबरपासून, म्हणजे काडतूस बसते त्या मागच्या भागापासून, चार-पाच इंच पुढे फाटली आहे, तेव्हा दोष काडतुसाचा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते संशय आधी अडथळ्यावर घ्यावा. बारुदाचा दाब चेंबरमध्येच सर्वाधिक असल्याने जादा भरलेले काडतूस बहुधा तिथेच नळी फोडते. पुढे फाटलेल्या नळीत मात्र २० बोअरचे (बोअरचा आकडा मोठा तितके काडतूस बारीक) काडतूस गेले असण्याची शक्यता मोठी असते. ते १२ बोअरच्या चेंबरमधून घसरून पुढे अडकते, मागे १२ बोअरचे काडतूस सहज बसते आणि बार काढताच नळी उघडते. (२० बोअरची काडतुसे पिवळी करतात ती याचसाठी.) फाटीजवळ कड्यासारखा फुगवटा असल्यास अडथळ्याची शंका बळावते, गंजाचे खड्डे किंवा घासून पातळ झालेली भिंत हीही कारणे असू शकतात. तपासणीपूर्वी तुकडे पुसू नयेत.