‘उत्परिवर्तन’ला ‘चूक’ म्हणावे का?

प्रश्न असा आला आहे: डीएनएची नक्कल होताना चूक होते आणि ती मुलांत उतरते, तर तिला सरळ ‘चूक’ किंवा ‘बिघाड’ म्हणावे. ‘उत्परिवर्तन’ हा जड शब्द कशाला?

जड आहे खरा. पण फोड करून पाहा: उद् + परिवर्तन. परिवर्तन म्हणजे पालट, आणि ‘उद्’मुळे ‘उद्भव’मधली नव्याने वर येण्याची छटा. इंग्रजी ‘म्यूटेशन’च्या मुळाशीही लॅटिनमधले ‘बदलणे’च आहे. दोन्हींत दोषाचा वास नाही, आणि माझ्या मते तेच बरोबर आहे.

माणसाची पेशी विभागण्याआधी तिच्या डीएनएतल्या सुमारे ६ अब्ज अक्षरांची (ए, टी, जी, सी या रासायनिक घटकांची) नक्कल होते. ती करणारे विकर (एन्झाइम) लाखात एखादे अक्षर चुकते. बहुतेक चुका ते तिथल्या तिथे खोडते, राहिलेल्या दुसरी प्रथिने दुरुस्त करतात. इथवर ‘चूक’ शब्द चपखल आहे, कारण डीएनएच्या दोन धाग्यांतल्या समोरासमोरच्या अक्षरांची ठरलेली जोडी जुळत नाही म्हणूनच ती पकडता येते. त्यातूनही जे अक्षर निसटते, त्याला पुढच्या नकलेत योग्य जोडीदार मिळतो. मग तपासणाऱ्याला खटकण्यासारखे काही उरतच नाही. चूकच ‘पाठ’ होऊन बसली!

‘पाठ’ हा शब्द मुद्दाम वापरला. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती नकलांमधून शिरलेल्या ‘पाठांतरां’मुळे. (तिथे पाठांतर म्हणजे घोकणे नव्हे, पाठभेद.) नाथांना ताडून पाहायला इतर प्रती होत्या. पेशीला त्या नसतात.

आता सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घ्या. हिमोग्लोबिनच्या एका जनुकात ‘ए’च्या जागी ‘टी’, एवढाच फरक. तो आई आणि वडील दोघांकडून आला तर आजार होतो. एकाकडूनच आला तर गंभीर मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. नंदुरबार-गडचिरोलीत आज एखाद्या बाळात हा ‘टी’ येतो, तेव्हा त्याची नक्कल बिनचूक झालेली असते. त्या जनुकाला ‘चुकीचे’ म्हणणे शास्त्राला धरून नाही, आणि त्या घराला ते ऐकायला लागू नये असे मला मनापासून वाटते.

नवी उत्परिवर्तने तर प्रत्येकातच असतात: आईवडिलांच्या डीएनएत नसलेले साधारण ६०-७० बदल. त्यांतले जास्त वडिलांकडून येतात, कारण शुक्रपेशी घडवणाऱ्या पेशी आयुष्यभर विभागत राहतात. त्वचेच्या पेशीतले उत्परिवर्तन मात्र मुलांत उतरत नाही. ते बीजांड किंवा शुक्रपेशीतच असावे लागते.

म्हणून घटनेला ‘नकलेतली चूक’ म्हणा, टिकलेल्या बदलाला ‘उत्परिवर्तन’. आणि ‘बिघाड’ एखादे काम खरोखर बंद पडले तरच. ‘नक्कल’ऐवजी ‘प्रतिलेखन’ मात्र लिहू नका. पाठ्यपुस्तकांत तो शब्द डीएनएवरून आरएनए तयार होण्यासाठी ठरलेला आहे.